स्विच धू, बदल. पण डायरेक्ट करू नकोस

ऑटोमॅटिक गाडी घेतली आहेस, तीही वापरलेली, आणि ती उभी राहणार चेंबूरला सोसायटीच्या उघड्या आवारात. तेव्हा पोरी, गियरबॉक्सच्या अंगाला बसवलेल्या एका छोट्या स्विचची ओळख आजच करून घे. कंपनीच्या पुस्तकात तो इनहिबिटर स्विच, गॅरेजवाल्यांच्या तोंडी न्यूट्रल स्विच. लिव्हर पी किंवा एनवर असेल तरच तो सेल्फला करंट जाऊ देतो. लिव्हर कुठे आहे हे गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरला आणि डॅशबोर्डला तोच कळवतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचा दिवाही तोच लावतो. आता मामाचं नीट ऐक.

आधी लक्षणं बघ. पीवर सेल्फ लागत नाही, एनवर लागतो. लिव्हर थोडा हलवला की लागतो. डॅशबोर्डवरचं गियरचं अक्षर मधेच गायब होतं. रिव्हर्स टाकला तरी मागचा पांढरा दिवा पेटत नाही. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर संशय स्विचवर घे. स्कॅनर लावला तर बहुधा पी०७०५ किंवा पी०७०६ हा कोड निघतो. पण वायर तुटली असली तरी तोच कोड येऊ शकतो, म्हणून नुसता कोड वाचून स्विच विकत आणू नकोस.

स्वस्तातली कारणं आधी संपव. बॅटरीची टर्मिनल घट्ट कर. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगल्या भरलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. १२च्या खाली असेल तर आधी बॅटरी बघ. कुणालातरी मागे उभं करून ब्रेक दाब. ब्रेकचे दिवे लागले नाहीत तर दोष पेडलजवळच्या स्विचचा असू शकतो. मग लिव्हरची केबल तपास. तिचा बुश झिजला की वर पी दिसतो, पण खाली गियरबॉक्स पुरता पीमध्ये गेलेलाच नसतो. तुझ्या भावाची सेलेरिओ मात्र वेगळी. २०१४ साली आलेल्या त्या एएमटीला पी नाहीच. एनवर ठेवून ब्रेक दाबला की ती चालू होते. तिथे लिव्हरच्या बुडाशीही नजर टाकायची, कारण सांडलेला चहा तिथेच झिरपतो.

आपल्या भागात या स्विचचा खरा वैरी पाणी. माहूलची खाडी जवळ, हवा खारी आणि दमट, आणि जोराचा पाऊस झाला की पोस्टल कॉलनी, शेल कॉलनीकडे पाणी तुंबतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत कितीतरी गाड्या बुडाल्या. चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी आणलीस तर दुसऱ्याच दिवशी स्विचचा कपलर उघडून वाळवून घे. आणि वॉशिंगवाल्याला बोनेटखाली जोराचा फवारा मारू देऊ नकोस.

साफ करायचा तर घाई करू नकोस. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, इंजिन थंड. लिव्हर एनवर ठेव आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह काढ. कपलरची लॉकपट्टी दाबून तो सरळ ओढ. वायरला धरून कधीच ओढायचं नाही. आत टॉर्च मार. पिना स्वच्छ, चकचकीत दिसायला हव्यात. हिरवा कळंक किंवा पांढरी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मार, मऊ ब्रशने हलकेच फिरव आणि पूर्ण सुकू दे. पेट्रोल, रॉकेल वापरू नकोस, प्लॅस्टिक आणि रबर खराब होतं. पॉलिश पेपर तर लावूच नकोस. पिनांवरचा मुलामा निघाला की कळंक दुप्पट वेगाने धरतो. कपलरचं रबरी सील फाटलेलं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. काही स्विच स्क्रूचे असतात, ते उघडतात. आतलं ग्रीस सुकून काळं डांबर झालेलं असतं. ते पुसून इलेक्ट्रिकल ग्रीसचा पातळ हात दे. उघडताना खाली पांढरं फडकं अंथर, आतल्या स्प्रिंगा बारीक असतात. रिव्हेट मारलेला स्विच फोडत बसू नकोस, सरळ बदल.

बदलताना जुना सैल करण्याआधी त्याच्या कडेला आणि गियरबॉक्सवर मिळून एक रेघ ओढ. नवा ऑपेरा हाऊसच्या बाजारातून आणलास तरी चॅसिस नंबर दाखवूनच घे. भंगारातला घेऊ नकोस, त्याचंही ग्रीस तितकंच म्हातारं. बसवताना लिव्हर एनवरच हवा. काही गाड्यांत स्विचवरची खूण शाफ्टच्या खाचेसमोर आणायची असते, काहींत दोन छिद्रांतून एक पिन आरपार जावी लागते. तसं जुळलं की मगच बोल्ट आवळ. बोट-दोन बोटांचं सोड, गव्हाच्या दाण्याएवढा फरक पडला तरी एन दाखवताना गाडी सरकू शकते.

काम झाल्यावर परीक्षा घे. गाडीच्या पुढेमागे कुणी नको, पाय ब्रेकवर घट्ट. पी आणि एनवर सेल्फ लागलाच पाहिजे. आर आणि डीवर अजिबात लागता कामा नये. ही दुसरी परीक्षा बरेच मेकॅनिक घेत नाहीत, तू उभी राहून घ्यायला लाव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी म्हणेल, ‘मॅडम, स्विच डायरेक्ट करून देतो, खर्चच नाही.’ तारेचा एक तुकडा जोडला की गाडी कुठल्याही गियरमध्ये चालू होते. लिव्हर चुकून डीमध्ये राहिला, तू बाहेरून हात घालून चावी फिरवलीस आणि पुढे सोसायटीतली पोरं खेळत असली, तर काय होईल ते मला सांगावं लागू नये. म्हणून चावी देतानाच मेकॅनिकला स्पष्ट सांग: डायरेक्ट करायचं नाही. स्विच मिळायला आठवडा लागला तरी चालेल, तोवर बसने जा.