मुंबई-दुबई : विमानाचा फासला आणि व्यापाऱ्याचा वेळ

देरा किंवा बर दुबईच्या कापड बाजारात प्रथमच निघालेले व्यापारी बंधू तिकीट हाती येताच विचारतात : पहाटे ४ ला मुंबईहून निघून ५.४५ ला दुबई, म्हणजे पावणेदोन तासांचाच प्रवास ना?

तसे नाही. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची व पोहोचण्याची दुबईची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. विमान उतरते तेव्हा मुंबईत ७.१५ झालेले असतात. प्रवास सव्वातीन तासांचा.

हा दीड तास येतो कोठून? पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरतात, तर अमिरातीची ६० अंशांवरून. फरक साडेबावीस अंशांचा, म्हणजे ९० मिनिटांचा. पाचवी-सहावीच्या भूगोलातला हा धडा आम्हाला दुकानात बसल्यावर उपयोगी पडला.

मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने ते अडीच तासांच्या आतच कापले जावे. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली येणे यात बाकीचा वेळ जातो. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा थोडा कमी वेळाचा असतो.

परतीचा हिशेब मात्र उलटा होतो. मंगळवारी रात्री १० ला दुबईहून निघालेले विमान पावणेतीन तासांत आले तरी मुंबईत बुधवारचे पहाटेचे २.१५ झालेले असतात. मुलाला गाडी घेऊन बोलवायचे तर बुधवारची तारीख सांगावी.

सर्वांत महाग पडते ती मध्यरात्रीची वेळ. गुरुवारी रात्री १२.३० चे विमान म्हणजे बुधवारची रात्र! बुधवारी ९.३० लाच विमानतळावर हजर असले पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी निघालेल्या माणसाचे विमान केव्हाच गेलेले असते, तिकिटाचे पैसेही बहुधा जातात आणि तिकडे माल पाहण्यास बसलेला ग्राहक दुसऱ्याकडे वळतो.

मालेगावच्या बंधूंनी तर विमानापेक्षा रस्त्याचा हिशेब आधी मांडावा. मुंबई विमानतळापर्यंत पाच-सहा तास, तेथे तीन तास आधी पोहोचणे, पुढे विमानाचे सव्वातीन, उतरल्यावर पासपोर्टची रांग व टॅक्सी. बारा-तेरा तास सहज होतात. पहाटे उतरून ९ वाजताच सौद्याला बसू नये. थकलेला माणूस भाव लवकर सोडतो, हे समोरच्यालाही ठाऊक असते.

वारही पाहावा. जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शनिवार-रविवार असून शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. शारजात सरकारी कचेऱ्या शुक्रवारीही बंद असतात. कागदपत्रांचे काम असेल तर रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी तेथे असावे. केवळ नमुने दाखवायचे असतील तर शुक्रवारी दुपारनंतरची वेळ आधी फोनवर पक्की करावी.