तारांखालचे रान

उच्च दाबाची वीजवाहिनी अरण्यातून नेताना तिच्याखालील झाडे तोडून एक लांब पट्टा मोकळा करतात. पाहणाऱ्यास तो अरण्यावरील घाव वाटतो. मात्र अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात याच पट्ट्याने अनेक पक्ष्यांना आसरा दिला.

तारांखाली झाडे वाढू देणे धोक्याचे असते. १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायो राज्यात वाढलेल्या झाडांना तारा टेकल्या. त्यातून सुरू झालेल्या बिघाडामुळे अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. म्हणून झाडे काढावीच लागतात. प्रश्न उरतो तो ती कशी काढावीत, हा.

पेनसिल्व्हेनियात तणनाशकांच्या फवारणीने वन्यजीवांचा निवारा नष्ट होईल, अशी शिकाऱ्यांना भीती होती. म्हणून १९५३ साली ब्रॅम्बल आणि बर्न्स या संशोधकांनी तेथे दीर्घकालीन अभ्यास आरंभला. त्यातून पुढे एक पद्धत रूढ झाली. तारांच्या अगदी खाली गवत व बुटकी झुडपे राखावयाची, कडेला उंच झुडपे वाढू द्यावयाची आणि उंच होणारी रोपे तेवढी निवडून काढावयाची. दाट झुडपांच्या सावलीत झाडांची नवी रोपे सहसा तग धरत नाहीत. त्यामुळे पुढील छाटणीचे कामही कमी होते.

फील्ड स्पॅरो, ईस्टर्न टोही, प्रेअरी वॉर्बलर हे पक्षी जमिनीवर किंवा झुडपांत घरटी बांधतात. ओसाड पडलेल्या शेतांत एके काळी अशी झुडपे विपुल होती. पुढे तेथे अरण्य वाढले आणि हे पक्षी कमी होत गेले. वीजवाहिनीखालील पट्टा मात्र झुडपीच राहिला. विणीच्या हंगामात तो सरसकट कापला, तर घरटी उद्ध्वस्त होतात.

अर्थात, हा आसरा झुडपांचा आहे, तारांचा नव्हे. राजस्थानात जड शरीराचा माळढोक तारांवर आदळून मरतो, हेही विसरता येत नाही.

निसर्गरक्षण म्हणजे केवळ वृक्षारोपण नव्हे. क्षुल्लक वाटणारे झुडूपही कोणाचे तरी घर असते.

शब्दार्थ
विपुल – पुष्कळ
क्षुल्लक – कमी महत्त्वाचे

पाठगत प्रश्न
१. तारांखालील झाडे का काढावी लागतात?
२. दाट झुडपे राखल्याने छाटणीचे काम कसे कमी होते?
३. ‘हा आसरा झुडपांचा आहे, तारांचा नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.