उबेत रंग का उडाला?

प्रश्न : कॉलेजात मातीतून ‘सेराशिया मार्सेसेन्स’ हा जिवाणू वेगळा केला. वसाहती छान लाल आल्या. रंग आणखी वाढावा म्हणून माध्यमात ग्लुकोज घातलं, प्लेटा ३७ अंशांवर ठेवल्या, तर वसाहती पांढऱ्याफटक! जिवाणू मेले की काय?

उत्तर : मेले असते तर वसाहती उगवल्याच नसत्या. ते मजेत आहेत, फक्त रंग करत नाहीत. आपण त्यांना खाऊ-ऊब दिली की ते खूश होऊन जास्त रंग देतील, हा हिशेब गाईच्या दुधाला लागू पडेल, इथे नाही.

हा लाल रंग म्हणजे प्रोडिजिओसिन. जगायला तो अत्यावश्यक नाही. भराभर वाढण्याचा काळ सरला, वाढ मंदावली, की जिवाणू त्याच्या मागे लागतो. ग्लुकोज मिळालं की वाढ जोरात होते, माध्यमात आम्ल साठतं आणि रंगाचं काम मागे पडतं. ३७ अंशांची अडचण वेगळी : रंग घडवणाऱ्या साखळीतल्या काही पायऱ्या त्या तापमानाला चालत नाहीत. २८ अंशांच्या आसपास त्या सुरळीत चालतात. त्याच पांढऱ्या वसाहतींतून नव्या प्लेटवर रेघ ओढा, २८ अंशांवर ठेवा; लाली बहुधा परत येईल.

रंग वाढवायचाच तर साखरेचा डबा बंद करून शेंगदाण्याचा उघडा. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील संशोधकांनी मातीतल्या याच जिवाणूला शेंगदाण्याची पूड घातलेल्या माध्यमात वाढवलं, तेव्हा नेहमीच्या माध्यमापेक्षा रंग कित्येक पटींनी जास्त मिळाला. शेंगदाण्यातल्या स्निग्धाम्लांचा त्यात हात असावा, असं त्यांनी सुचवलं.

मात्र फ्लास्क लालभडक दिसला म्हणजे रंगनिर्मिती वाढली, असं लगेच लिहू नका. जिवाणूंची संख्या दुप्पट झाली तरी लाली वाढते. पुडीने माध्यम आधीच गढूळ असतं, त्यामुळे गढूळपणावरून जिवाणू मोजता येणार नाहीत; वसाहतीच मोजाव्या लागतील. रंग पाण्यात विरघळत नाही, तो अल्कोहोलमध्ये उतरवून घ्या आणि प्रकाशापासून जपा, नाहीतर फिका पडतो.

आणि मातीतला आहे म्हणून त्याला निरुपद्रवी समजू नका. अशक्त रुग्णांना तो संसर्ग करतो. प्लेटा आधी ऑटोक्लेव्हमध्ये, मग कचऱ्यात.