साहेब कोरियन, पोरगं कार्ल्याचं

कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. लेख मात्र ब्राह्मी लिपीत, इथल्या प्राकृतात. म्हणजे परदेशी माणसांशी मावळचा व्यवहार सुमारे दोन हजार वर्षांचा. आता मळवलीहून लोकल पकडली की थोड्याच वेळात तळेगाव. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईकडे आला. पलीकडे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आहेत.

तरी पालकांचा घोर एकच : ‘पोराला फाडफाड इंग्रजी येत नाही, साहेबापुढं टिकेल कसा?’ खरं तर पोरं इंग्रजीपेक्षा भिडेपायी जास्त अडतात.

साहेब विचारतो, ‘शुक्रवारपर्यंत होईल?’ मुलगा मान डोलावतो, ‘ट्राय करतो सर.’ याचा अर्थ ‘बहुतेक नाही’, हे आपल्याला कळतं. साहेब मात्र शुक्रवार धरून पुढची आखणी करतो. त्याऐवजी मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, सांगावं : ‘शुक्रवारी साठ नग होतील, उरलेले सोमवारी. डाय दुरुस्तीला गेलीय.’ मग तेच दोन ओळींत मेलवर टाकावं.

रीतीभाती कंपनीगणिक बदलतात. जपानी कंपनीत अडचण लहान असतानाच वरिष्ठांच्या कानावर घालावी लागते. जर्मन सहकारी बैठकीत तोंडावर चूक दाखवील. रोख कामावर असतो, तुमच्यावर नव्हे. कोरियन कार्यालयात हुद्दा आणि ज्येष्ठता मोठी. अर्थात हे ठोकताळे. समोरचा माणूस पाहून वागावं.

परकी भाषा जरूर शिकावी, पण पूर्ण हिशेब करून. जपानीची जेएलपीटी परीक्षा पाच पातळ्यांची. एन-५ ही पहिली पायरी. तेवढ्यावर दुभाष्याचं काम मिळत नाही, त्यासाठी एन-२ च्या आसपास जावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. पुण्यात जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आहे. डिप्लोमा किंवा आयटीआयचं कौशल्य पक्कं असेल, तर जोडीला आलेल्या भाषेला खरी किंमत येते.

पालकांनो, क्लासची फी भरण्याआधी कोणत्या पातळीपर्यंत शिकवणार, ते विचारा. आणि घरी एक सवय लावा : आज काय झालं, काय राहिलं, का राहिलं, हे मुलानं रोज चार-पाच इंग्रजी ओळींत लिहावं. व्याकरण चुकलं तरी हसू नका.