एअर फ्रायरमधले पांदेसाल

प्रश्न : पांदेसाल हे फिलिपिनो पाव एअर फ्रायरमध्ये केले की वरून करपतात, आत कच्चे राहतात. काय चुकतं?

उत्तर : तापमान. एअर फ्रायरचा पंखा गरम हवा वरून जोरात सोडतो, त्यामुळे ओव्हनचे १८० अंश इथे जास्त होतात. १५० अंशांवर १० ते १२ मिनिटं भाजा. गोळे ४० ग्रॅमपेक्षा मोठे नकोत, मध्ये बोटभर जागा हवी. मैदा मात्र सैलच मळा, हाताला किंचित चिकटेल इतका. मऊपणा तिथूनच येतो. चिकटतो म्हणून वरून कोरडा मैदा लावत राहिलात, तर पाव घट्ट होणारच. गोळे ब्रेडच्या बारीक चुऱ्यात घोळवून मगच दुसऱ्यांदा फुगू द्या. हा चुरा टाळू नका. फिलिपिन्समध्ये सकाळी कॉफीबरोबर खातात त्या पांदेसालची ती खरी ओळख आहे.