आधी खाडी, मग ॲप

मेजर प्रोजेक्टचे दिवस आले की गावठाणातली आणि सीवूड्सच्या टॉवरांतली मुलं माझ्याकडे येतात. "दादा, सेन्सरवर काहीतरी आयडिया सांगा ना." वहीत यादी तयार असतेच: मातीचा ओलावा पाहून पंप चालू करणं, गॅसगळतीचा भोंगा, अंधांसाठी काठी, पार्किंगची जागा दाखवणारी पाटी. यातलं वाईट काहीच नाही. पण नवी मुंबईतल्या आमच्या करावे गावात ओलावा मोजायला शेत उरलंय कुठे? शहर वसवायला सिडकोने जमिनी घेतल्याला जमाना झाला. मग कुंडीत सेन्सर खोचायचा, परीक्षकांसमोर तांब्याभर पाणी ओतायचं आणि दिवा पेटला की टाळ्या.

आमच्या गटाने मात्र आपल्या प्रोजेक्टसाठी खाडीचं पाणी मोजायचं ठरवलं, कारण प्रश्न दारातच होता. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून उभा राहिलाय आणि मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांच्या झडपा बंद होतात, खाडीचं पाणी आत येत नाही; शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला झडपा उघडल्या की निघून जातं. हिशेब साधा आहे, पण मोठं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की तो कोलमडतो. तेव्हा खाडी किती चढली आणि तलावात किती जागा उरली, हे कुणीतरी सतत मोजायला हवं.

टेबलावर सगळं झकास चाललं. एचसी-एसआर०४ हा स्वस्तातला अल्ट्रासोनिक सेन्सर, ईएसपी३२ बोर्ड, मोबाइलवर निळा आलेख. बादलीत पाणी ओतलं की रेघ वर, काढलं की खाली. तोच संच धक्क्यावर खांबाला बांधला तेव्हा रेघ सरळसोट राहिली. जाळं शिवत बसलेले एक काका बराच वेळ मोबाइलकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "आज आवस हाय, आन् तुमचा पानी जागेवरशी हलत नाय?"

सेन्सर बिघडला नव्हता, तो इमानदारीने धक्क्याच्या आडव्या तुळईचं अंतर मोजत होता. त्याचा आवाज सरळ काठीसारखा जात नाही, पसरत जातो, आणि वाटेत जे पहिलं लागेल त्याचा प्रतिध्वनी घेऊन परततो. तुळई टाळून तो पुढे सरकवला, तर दुसरी गंमत. त्याची झेप कागदावर ४ मीटर. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरकच त्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त जातो. शिवाय ओहोटीला इथे पाणी उरत नाही, चिखल उरतो. आकडा येतच राहतो, फक्त तो पाण्याचा नसतो. सेन्सरच्या प्रोजेक्टमध्ये खरा धोका हाच: चुकीचा आकडासुद्धा तितक्याच रुबाबात पडद्यावर येतो.

त्याच काकांनी आम्हाला ताळा शिकवला. तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. छापील भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाइतकं हे अचूक नाही, पण सेन्सर थापा मारतोय का, एवढं ओळखायला पुरतं. तुमचा विषय कुठलाही असो, असा एक बाहेरचा ताळा आधी शोधा. तो मिळेपर्यंत ॲपला हात लावू नका. भांगाच्या लहान भरतीपासून उधाणाच्या मोठ्या भरतीपर्यंतचे नुसते आकडे मेमरी कार्डात भरत राहा आणि वहीत वेळ, ऊन, वारा लिहा. ऊन का? हवेतला आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो, दर अंशाला ०.६ मीटरने वाढतो. पहाट आणि दुपार यांत १० अंशांचा फरक पडला तर ३ मीटरवर सुमारे ५ सेंटिमीटरची गफलत. म्हणून शेजारी तापमानाचा सेन्सर लावायचा आणि आकडा दुरुस्त करायचा. पाण्यात बुडणारा दाबाचा सेन्सर अल्ट्रासोनिकहून बरा. १० किलोपास्कल म्हणजे साधारण १ मीटर पाणी, या हिशेबाने ५० किलोपास्कलचा घ्या.

खाऱ्या हवेबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. ब्रेडबोर्डच्या जंपर तारांच्या पिना इथे बघता बघता हिरव्या पडतात, मग आकडे उड्या मारतात आणि मुलं कोडमध्ये दोष शोधत रात्र काढतात. बाहेर न्यायचं ते सगळं सोल्डर करा, डब्यात बंद करा, तारा डब्याच्या खालच्या बाजूने आत घ्या. पॉवर बँकेवर विसंबू नका. बोर्ड झोपला की वीज इतकी कमी लागते, की बऱ्याच पॉवर बँका काम संपलं समजून स्वतःच बंद होतात. अल्ट्रासोनिक सेन्सरच्या इको पिनेवर ५ व्होल्ट येतात, ईएसपी३२ ला ३.३ च चालतात. मध्ये दोन रेझिस्टर घाला.

खारफुटीत मात्र खांब ठोकायला जाऊ नका. उच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिला संरक्षण आहे, आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात तेव्हा तिथे पाय न ठेवलेलाच बरा. धक्का किंवा पूल निवडा, ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. परवानगीला प्रोजेक्टइतकाच वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

खाडी नको असेल तर पाम बीच रोडचा आवाज मोजा, गावठाणातल्या पत्र्याच्या घरातली आणि स्लॅबच्या घरातली दुपारची उष्णता मोजा. एमक्यू मालिकेतल्या गॅस सेन्सरवरून हवेच्या प्रदूषणाचे छातीठोक आकडे तेवढे सांगू नका. तो एकाच वेळी अनेक वायूंना दाद देतो आणि दमट हवेत त्याचा सूर बदलतो, बाहेरच्या परीक्षकाने "कॅलिब्रेशन कशाशी केलं?" विचारलं की गट एकमेकांकडे बघतो.

आणि खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाल तेव्हा प्रत्येक सेन्सर दोन-दोन घ्या. दोन्ही शेजारी बांधा, एकाच पाण्यावर दिवसभर चालवा, आणि त्यांच्या आकड्यांत पडलेला फरक अहवालाच्या पहिल्या पानावर छापा.