विषाणूचे परावलंबन : एचआयव्हीचे टॅट प्रथिन आणि यजमान पेशी

विषयप्रवेश

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एक एचआयव्हीबाधित गृहस्थ आले. शासकीय केंद्रातून मिळणारी एआरटी औषधे ते नियमित घेत होते आणि रक्तातील विषाणूंची संख्या चाचणीच्या मापनमर्यादेखाली गेली होती. त्यांनी विचारले, "वैद्यराज, विषाणू आता दिसतच नाही. पंचकर्म करून घेतले आणि त्या गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?" आम्ही होकार दिला नाही, परंतु ठामपणे नकारही दिला नाही. बस्तिक्रम सुरू होताच त्यांनी गोळ्या थांबविल्या होत्या, हे आम्हांस तीन महिन्यांनी कळले. तोवर विषाणू रक्तात परतला होता. आमचे मौन त्यांनी संमती मानली. हा दोष सर्वस्वी आमचा.

न दिसणारा विषाणू परतला कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, ते वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवीत आहोत.

विषाणूची पुंजी

एचआयव्हीची जनुकीय सामग्री जेमतेम ९,७०० न्यूक्लिओटाइडांची असून तीत नऊ जनुके असतात. पेशीत शिरल्यावर हा विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रात गुंफतो. अशा गुंफलेल्या प्रतीस प्रोव्हायरस म्हणतात. या दोन कामांची एन्झाइमे विषाणू स्वतःबरोबर आणतो. परंतु प्रोव्हायरसच्या डीएनएवरून पुन्हा आरएनए लिहून घेण्याचे, म्हणजेच प्रतिलेखनाचे, एन्झाइम त्याच्याजवळ नाही. त्यासाठी त्याला यजमान पेशीच्या आरएनए पॉलिमरेज-२ या एन्झाइमावर विसंबावे लागते.

थबकलेले लेखन

हे एन्झाइम प्रोव्हायरसच्या आरंभस्थानी बसते व लेखन सुरूही करते; पण सुमारे ६० न्यूक्लिओटाइडे लिहून होताच थबकते. पेशीतील नेल्फ व डीसिफ हे दोन प्रथिनसमूह त्यास अडवून धरतात. हा अडसर विषाणूसाठी मुद्दाम निर्माण झालेला नाही. पेशी आपल्या स्वतःच्या अनेक जनुकांवरही असेच नियंत्रण ठेवते. अडसर दूर करण्याचे साधनही पेशीकडेच असते. त्याचे नाव पी-टेफ-बी. सीडीके-९ हे एन्झाइम व सायक्लिन टी-१ हे प्रथिन यांची ही जोडी अडविणाऱ्या प्रथिनांवर आणि पॉलिमरेजच्या पुच्छभागावर फॉस्फेट जोडते. त्यानंतर लेखन विनासायास पुढे सरकते.

पेशी हे साधन मोकळे सोडीत नाही. ७एसके नावाचा छोटा आरएनए आणि हेक्झिम-१ हे प्रथिन यांच्या संपुटात पी-टेफ-बीचा मोठा साठा निष्क्रिय स्थितीत राखून ठेवलेला असतो, असे २००१ ते २००३ या काळात दाखविले गेले.

टॅटचे कार्य

येथे विषाणूचे टॅट हे प्रथिन पुढे येते. ते अवघ्या ८६ ते १०१ अमिनो आम्लांचे असते. नुकत्याच लिहिल्या गेलेल्या विषाणू-आरएनएचा आरंभीचा भाग केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडतो. त्यास टार म्हणतात. टॅट एकीकडे सायक्लिन टी-१ला धरते, दुसरीकडे टारला, आणि पी-टेफ-बीला नेमक्या अडलेल्या ठिकाणी आणून उभे करते. संपुटातील पी-टेफ-बी सोडवून घेण्याचे सामर्थ्यही त्याच्यात आहे. सायक्लिन टी-१ची ही भूमिका १९९८ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या कॅथरीन जोन्स यांच्या गटाने प्रकाशात आणली.

टॅट स्वतः कोणतेही एन्झाइम नाही. फॉस्फेट जोडते ते पेशीचे एन्झाइम, लिहिते तेही पेशीचेच. टॅट केवळ गाठ घालून देते. हे परावलंबन किती नेमके आहे, ते उंदराच्या उदाहरणावरून ध्यानात यावे. मानवी सायक्लिन टी-१मध्ये २६१व्या स्थानी सिस्टीन असते, तर उंदरात त्या जागी टायरोसीन. एवढ्या एका फरकामुळे उंदराच्या पेशीत टॅट जवळजवळ निष्प्रभ ठरते.

एकदा थोडे टॅट तयार झाले की प्रतिलेखन वाढते. प्रतिलेखन वाढले की टॅट आणखी वाढते. याच्या उलट, आरंभीचे थोडे टॅटही तयार झाले नाही, तर प्रोव्हायरस मूक राहतो.

निद्रिस्त साठा

रोगप्रतिकारातील सीडी-४ स्मृतिपेशी दीर्घकाळ विश्रांत अवस्थेत राहतात. त्या अवस्थेत सायक्लिन टी-१चे प्रमाण अल्प असते आणि एनएफ-कॅप्पा-बी हे प्रतिलेखनास चालना देणारे प्रथिन केंद्रकाबाहेर रोखलेले असते. साहजिकच प्रोव्हायरस झोपी जातो. असा साठा असतो, हे १९९७ मध्ये तीन संशोधनगटांनी सिद्ध केले. तो निम्मा होण्यास सुमारे ४४ महिने लागतात असे पुढे आढळले; त्या गतीने तो संपण्यास माणसाचे आयुष्य अपुरे पडते. पेशी जागी झाली की एनएफ-कॅप्पा-बी केंद्रकात शिरते, टॅट तयार होते आणि विषाणूचे उत्पादन पुन्हा सुरू होते. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकारात एनएफ-कॅप्पा-बी बसण्याच्या जागा सामान्यतः तीन असतात, तर पाश्चात्त्य देशांतील बी उपप्रकारात दोन. काही भारतीय विषाणूंत चार जागा असल्याचे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने दाखविले आहे.

चिकित्सेतील अर्थ

प्रचलित एआरटी औषधे विषाणूस नव्या पेशींत शिरण्यापासून, डीएनए बनविण्यापासून, तो गुंफण्यापासून वा परिपक्व होण्यापासून रोखतात. गुंफलेल्या प्रोव्हायरसचे प्रतिलेखन त्यांपैकी कोणतेही थांबवीत नाही. टॅटला रोखणारे औषध अद्याप चिकित्सेत आलेले नाही. म्हणून औषध थांबताच, बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत, विषाणू रक्तात पुन्हा दिसू लागतो. उपचारात मुद्दाम खंड पाडणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट या मोठ्या अभ्यासाने स्पष्ट केले.

निद्रिस्त विषाणूस जागे करून मग नष्ट करावे, असाही एक विचार आहे. सामोआ बेटांवरील वैद्य वापरीत असलेल्या मामाला वृक्षातून मिळणारे प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य विषाणूस जागे करते. वनस्पतिद्रव्ये या क्षेत्रात महत्त्वाची ठरू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण. परंतु जागे करणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. "प्रतिकारशक्ती वाढविली की विषाणू आपोआप जाईल" असे म्हणणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनी हा भेद विसरू नये. कारण पेशी चेतविल्याने विषाणूही चेततो.

आयुर्वेदीय दृष्टान्त आणि त्याची मर्यादा

चरकसंहितेत विषमज्वराच्या विवेचनात भूमीत दडलेल्या बीजाचा दृष्टान्त आहे. वेगांच्या मधल्या काळात लक्षणे नसली तरी धातूंत लीन झालेला दोष नाहीसा झालेला नसतो, हा त्याचा आशय. अव्यक्त म्हणजे अभाव नव्हे, हा बोध येथे तंतोतंत लागू पडतो. मात्र प्रोव्हायरस म्हणजेच लीन दोष, असे समीकरण आम्ही मांडणार नाही. गुणसूत्रात गुंफलेला डीएनए शोधनाने बाहेर पडतो, यास कोणताही आधार नाही.

व्यवहारासाठी सूचना

एआरटी घेणारा रुग्ण शोधनासाठी आला, तर गोळ्या एक दिवसही चुकणार नाहीत हे प्रथमच बजावावे व केसपेपरवर लिहून ठेवावे. वमन-विरेचनाची योजना असल्यास मात्रेच्या वेळेबाबत एआरटी केंद्राच्या डॉक्टरांशी आधी बोलावे. राष्ट्रीय कार्यक्रमातील डोल्युटेग्रॅविर या औषधाचे शोषण कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांमुळे घटते. म्हणून मंडूर, लोह, शंख, प्रवाळ, जसद इत्यादी भस्मांबाबतही तीच सावधगिरी घ्यावी. डोल्युटेग्रॅविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेण्यास सांगावे. अग्निमांद्य, अनिद्रा, दौर्बल्य यांवर आपण रुग्णास खरा उपशम देऊ शकतो. ते कार्य लहान नाही.

उपसंहार

आमचे ते रुग्ण पुन्हा एआरटीवर आले आणि काही महिन्यांत विषाणू मापनमर्यादेखाली गेला. आजही ते आमच्याकडे पचनाच्या तक्रारीसाठी येतात. प्रत्येक भेटीत आम्ही नाडी पाहण्याआधी एकच प्रश्न विचारतो : "गोळ्या चालू आहेत ना?"